प्रत्येक माणसावरचा देवाचा ठसा: ज्यू साधनेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यू परंपरेत माणसामध्ये देव पाहणे म्हणजे नेमके काय पाहणे?

तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या, पहिल्याच अध्यायात, सृष्टीच्या सहाव्या दिवशी, देव माणसाला आपल्या प्रतिमेत घडवतो. तेथे दोन हिब्रू शब्द येतात: 'त्सेलेम' म्हणजे प्रतिमा किंवा ठसा, आणि 'देमूत' म्हणजे साम्य. पुढे 'त्सेलेम एलोहीम', देवाची प्रतिमा, हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि या साधनेचा सारा विचार त्याच्याभोवती उभा राहिला. उत्पत्तीच्या, म्हणजे तोराच्या पहिल्या, पुस्तकात ही गोष्ट तीन ठिकाणी सांगितली आहे: निर्मितीच्या वेळी, पाचव्या अध्यायात आदामाच्या वंशावळीच्या आरंभी आणि नवव्या अध्यायात, जलप्रलय ओसरल्यावर मनुष्यहत्येला मनाई करताना. यांतला तिसरा उल्लेख मला सर्वांत वजनदार वाटतो. माणसाचे रक्त सांडू नये, कारण त्याला देवाच्या प्रतिमेत घडवले आहे, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे जी गोष्ट पहिल्या अध्यायात वर्णन होती ती नवव्या अध्यायात कायदा झाली.

या साधनेचे वळण त्यातूनच ठरले आहे. येथे कोणी डोळे मिटून समोरच्यात तेज पाहण्याचा प्रयत्न करत नाही. समोरच्याशी कसे बोलावे, त्याला कशी हाक मारावी, त्याचे देणे कधी द्यावे, तो चुकला तर त्याला कोठे आणि कोणत्या शब्दांत सांगावे, तो मेला तर त्याच्या देहाला कसा हात लावावा, हे नियमाने ठरवलेले असते, आणि ते नियम वर्षानुवर्षे पाळत गेल्यावर नजर हळूहळू बदलते. आधी वागणे आणि मागाहून दर्शन, असा हा क्रम आहे.

ज्यू धर्मात मूर्तीला मनाई आहे. मग माणूस देवाची 'प्रतिमा' कसा?

हा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवतो, कारण 'त्सेलेम' हा शब्द बायबलमध्ये इतरत्र परक्या देवांच्या मूर्तींसाठीही वापरला आहे. प्राचीन इजिप्त आणि मेसोपोटेमियात राजाला देवाची प्रतिमा म्हणत, आणि राजे आपल्या सत्तेची खूण म्हणून दूरच्या प्रांतांत स्वतःचे पुतळे उभे करत. उत्पत्तीच्या पुस्तकाने राजाचे ते विशेषण काढून घेतले आणि प्रत्येक माणसाला दिले. पुरुषालाही आणि स्त्रीलाही, कारण मूळ वचनात दोघांचा उल्लेख स्पष्ट आहे. देवाची मूर्ती घडवण्याची मनाई आणि माणूस ही देवाची प्रतिमा आहे हे वचन, या दोहोंची सांगड मी अशी घालतो: दगडात किंवा लाकडात देवाला शोधू नका, कारण त्याने आपली खूण जेथे ठेवायची तेथे ठेवलेली आहे.

ही खूण नेमकी कशात आहे, याविषयी मात्र एकवाक्यता नाही. बाराव्या शतकातले थोर पंडित मोशे बेन मैमोन, ज्यांना 'रामबाम' या नावाने ओळखतात, त्यांनी देवाला आकार असल्याची कल्पना पूर्णपणे फेटाळली आणि प्रतिमा म्हणजे बुद्धी, सत्य जाणण्याची शक्ती, असा अर्थ लावला. लॅटव्हियातील द्विन्स्क येथील रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मेईर सिम्हा यांनी प्रतिमा म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य असे म्हटले. रामबाम यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही त्यांच्या उत्तरापाशी मी अडतो. बुद्धी हीच प्रतिमा मानली तर ज्या मुलाची बुद्धी वाढली नाही, किंवा ज्या आजीला आता स्वतःच्या मुलांची नावे आठवत नाहीत, त्यांच्या वाट्याला काय उरले? याचे उत्तर तालमूदमध्येच, म्हणजे प्राचीन रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या संग्रहातच, एका सुंदर ठिकाणी मिळते. मोशेने फोडलेल्या, देवाच्या आज्ञा कोरलेल्या पहिल्या पाट्यांचे तुकडेही दुसऱ्या अखंड पाट्यांबरोबर कोशातच ठेवले होते, म्हणून वार्धक्याने किंवा आपत्तीने विद्या विसरलेल्या पंडिताचा मान राखावा, असे तेथे सांगितले आहे.

'जें जें भेटे भूत, तें तें मानिजे भगवंत' आणि हे, एकच का?

मराठी वाचकाला ज्ञानेश्वरीतील ही ओवी आठवणे स्वाभाविक आहे. वारीत लहानमोठा न पाहता एकमेकांच्या पाया पडणारे वारकरी ज्याने पाहिले आहेत, त्याला 'त्सेलेम एलोहीम' परके वाटणार नाही. परंतु घाईने दोन्ही एक केले तर दोन्हींवर अन्याय होतो. ज्यू परंपरेत निर्माता आणि निर्मिती यांच्यामधली सीमा पुसली जात नाही; माणूस देव होत नाही आणि कोणी माणसाची पूजाही करत नाही. शिवाय ओवी प्रत्येक 'भूता'विषयी, म्हणजे सर्व जीवमात्रांविषयी बोलते, तर 'त्सेलेम' हा शब्द मनुष्यासाठी राखलेला आहे. हसिदी या भक्तिप्रधान ज्यू पंथात मात्र ही सीमा बरीच पातळ होते. जीव हा खरोखर वरच्या देवाचाच अंश आहे असे ल्यादी येथील रब्बी श्नेऊर झलमान यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिले, आणि ते वाचताना मराठी माणसाला ओळखीचा सूर ऐकू येतो.

नाण्याचा दृष्टान्त वारंवार सांगितला जातो. तो कोठला, आणि त्याचा अर्थ काय?

तो मिश्नामधला आहे. मिश्ना म्हणजे तोंडी परंपरेने आलेल्या धर्मशास्त्राचे संकलन. ते इसवी सन २००च्या सुमारास रब्बी यहुदा हानासी यांनी सिद्ध केले. दृष्टान्त ज्या ठिकाणी येतो ती जागा विसरता कामा नये. देहदंडाच्या खटल्यात साक्षीदाराला आत बोलावून, साक्ष देण्यापूर्वी धाक घालावा, आणि धाक म्हणून त्याला काय सांगावे, हे सन्हेद्रिन या प्रकरणात दिले आहे. पैशांचा खटला असेल तर चूक पैशांनी भरून निघते, पण येथे तुझ्या खोट्या शब्दाने या माणसाचे आणि त्याच्या पुढे जन्माला येऊ शकणाऱ्या सर्व संततीचे रक्त तुझ्या माथी येईल, असे त्याला बजावतात. मग सांगतात की आरंभी आदाम एकटाच का घडवला: जो एका जिवाचा नाश करतो त्याने जणू एका सबंध जगाचा नाश केला, आणि जो एका जिवाला वाचवतो त्याने जणू एक सबंध जग वाचवले, हे कळावे म्हणून. आणखी एक कारण तेथेच दिले आहे. माझा बाप तुझ्या बापापेक्षा थोर होता, असे कोणी कोणाला म्हणू नये म्हणून.

त्यानंतर नाणे येते. माणूस एका ठशाने शंभर नाणी पाडतो आणि सगळी एकसारखी निघतात. राजांच्या राजाने प्रत्येक माणूस आदामाच्याच ठशाने पाडला, तरी एकही दुसऱ्यासारखा नाही. म्हणून प्रत्येकाने 'माझ्यासाठी जग निर्माण झाले' असे म्हणणे बंधनकारक आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे या सबंध साधनेचा कणा येथे आहे. आपण सहसा म्हणतो की वरवरचे भेद बाजूला सारा, आत सगळे सारखेच आहेत. मिश्ना नेमके उलटे म्हणते. टाकसाळीतला कारागीर आपले कौशल्य सारखेपणात दाखवतो, देव वेगळेपणात दाखवतो. तेव्हा समोरच्या माणसाचे जे तुमच्यापेक्षा निराळे आहे, त्याचा चेहरा, त्याची चाल, त्याचे तुम्हाला न पटणारे मत, ते ओलांडून पलीकडे देव शोधायचा नसतो. खूण त्या निराळेपणातच आहे. तालमूदमध्ये, मोठा जनसमुदाय दिसल्यावर म्हणायचा एक आशीर्वाद दिला आहे: 'रहस्ये जाणणारा धन्य', कारण या गर्दीत एकाचे मन दुसऱ्यासारखे नाही आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. सकाळी नऊच्या सुमारास लोकल गाडीच्या फलाटावर उभे राहून हा आशीर्वाद आठवून पाहावा.

'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' एवढे पुरेसे नाही का?

दुसऱ्या शतकात याच प्रश्नावर दोन मते पडली. रब्बी अकिवा म्हणाले की लेवीयच्या पुस्तकातले हे वचन तोराचे महान तत्त्व आहे. बेन अझ्झाई म्हणाले की त्याहून मोठे तत्त्व 'ही आदामाच्या वंशाची यादी' या साध्या दिसणाऱ्या वचनात आहे, ज्याच्या पाठोपाठ देवाने माणसाला आपल्यासारखा केला असे शब्द येतात. बेन अझ्झाईंचे म्हणणे असे समजावले जाते: प्रीतीचे माप 'स्वतःसारखी' असे ठेवले तर ज्याची स्वतःचीच अवहेलना झाली आहे तो म्हणेल, माझा अपमान झाला, तेव्हा माझ्याबरोबर माझ्या शेजाऱ्याचाही होऊ दे. रब्बी तनहूमा यांनी त्यावर म्हटले की तू असे केलेस तर कोणाचा अपमान करतो आहेस ते ओळख.

मला बेन अझ्झाईंचा पक्ष अधिक पटतो. आपले स्वतःवरचे प्रेम दिवसागणिक कमीजास्त होते, आणि ज्याला लहानपणापासून तुच्छतेने वागवले गेले त्याच्याजवळ ते असतेच असे नाही. प्रतिमेचे माप आपल्या मनःस्थितीवर अवलंबून राहत नाही. तरीही हेही सांगितले पाहिजे की प्रतिमेचे दुसरे सुप्रसिद्ध वचन अकिवांचेच आहे: माणूस प्रिय आहे, कारण तो प्रतिमेत घडवला गेला; आणि त्याहून अधिक प्रीती ही की ते त्याला कळवले गेले.

ही शिकवण फक्त ज्यू माणसांपुरती आहे का?

प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. मूळ वचन आदामाविषयी आहे, आणि आदाम ज्यू नव्हता. ज्यू लोकांचा इतिहास अब्राहामापासून सुरू होतो. मिश्नाच्या छापील प्रतींत काही ठिकाणी 'इस्राएलातील एक जीव' असे शब्द आढळतात, पण जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांत फक्त 'एक जीव' आहे, आणि आदामाचा दाखला घेऊन चालणाऱ्या युक्तिवादाला तेच शोभते. रब्बान योहानान बेन झक्काई बाजारात भेटणाऱ्या प्रत्येकाला, परधर्मीयालाही, स्वतः आधी अभिवादन करत; त्यांना कोणी कधी आधी अभिवादन करू शकले नाही, अशी त्यांची ख्याती तालमूदने नोंदवली आहे. रब्बी योहानान परधर्मीय वृद्ध दिसले तरी उठून उभे राहत आणि म्हणत, यांच्यावरून किती प्रसंग गेले असतील.

दुसरा भाग असा की परंपरेत याच्या विरुद्ध बोलणारे ग्रंथही आहेत. ज्यू आणि इतर यांच्या जीवांत मुळातच भेद मानणारी विधाने काही कबालिस्ट, म्हणजे ज्यू गूढवादी, आणि हसिदी लेखनात आहेत; वर ज्यांचा आदराने उल्लेख केला त्या रब्बी श्नेऊर झलमान यांच्या लेखनातही आहेत. ती लपवण्यात अर्थ नाही. शतकानुशतकांच्या छळाच्या पार्श्वभूमीवर ती समजून घेता येतात, पण मी त्यांना प्रमाण मानत नाही, आणि असे न मानणारे अनेक ज्यू विद्वान आहेत.

मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाला तर स्वतःच्या लोकांकडूनच या कसोटीचा अनुभव आला. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले हे लोक इस्रायलमध्ये गेले, आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी विवाहनोंदणीपूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश तेथील मुख्य रब्बिनेटने, म्हणजे धर्मगुरूंच्या अधिकृत मंडळाने, दिले. समाजाने आंदोलन केले, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे ठरावाने सांगितले. 'माझा बाप तुझ्या बापापेक्षा थोर' असे म्हणू नये म्हणून आदाम एकटा घडवला गेला, हे वाक्य त्या वर्षांत किती जणांनी मनाशी उच्चारले असेल.

रोजच्या दिवसात ही साधना कशी करतात?

सोळाव्या शतकात गालील प्रांतातल्या सफेद या गावी कबालिस्टांचा मोठा मेळा जमला होता. त्यांपैकी रब्बी इत्झाक लुरिया यांनी असा प्रघात घातला की सकाळच्या प्रार्थनेपूर्वी 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा मी स्वतःवर घेतो' असे म्हणावे. ते वाक्य आजही कित्येक सिद्दूरमध्ये, म्हणजे प्रार्थनापुस्तकांत, छापलेले असते. म्हणजे देवाशी बोलायला तोंड उघडण्यापूर्वी माणसांचा हिशेब समोर ठेवायचा. त्याच गावचे रब्बी मोशे कोर्दोवेरो यांनी सांगितले की माणसांविषयीचे प्रेम हृदयात आणण्याची स्वतःला सवय लावावी, आणि दुष्टांनाही जणू आपले भाऊ समजावे. 'सवय लावावी' हे क्रियापद महत्त्वाचे आहे.

एकोणिसाव्या शतकात लिथुएनियात रब्बी इस्राएल सलांतर यांनी मुसार, म्हणजे नीतिशिक्षण, ही चळवळ उभी केली, आणि सवयीचे रीतसर शिक्षण सुरू झाले. एक गुण निवडायचा, त्याचे वचन सकाळी मोठ्याने म्हणायचे, दिवसभरात त्यासाठी एक लहानसे कृत्य ठरवायचे, आणि रात्री वहीत प्रामाणिकपणे लिहायचे की आज कोठे जमले आणि कोठे घसरलो. कोव्हनोजवळच्या स्लाबोदका येथील येशिवाचे, म्हणजे धर्मविद्यालयाचे, गुरू रब्बी नोस्सन त्सवी फिंकेल (१८४९–१९२७) यांनी या पद्धतीला प्रतिमेच्या विचाराची जोड दिली. माणसाची थोरवी हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय होता. विद्यार्थ्यांनी नीटनेटके, चांगले कपडे घालावेत असा त्यांचा आग्रह असे, कारण ज्याला स्वतःच्या थोरवीची जाणीव नाही तो दुसऱ्याची कशी ओळखेल.

या वहीत काय लिहावे? अगदी साधे. पहारेकऱ्याशी बोलताना मी मोबाइलवरून नजर उचलली का? घरी कामाला येणाऱ्या बाईंचे पूर्ण नाव मला माहीत आहे का, आणि त्यांचे पैसे मी ठरल्या दिवशी दिले का? तोरा मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नको असे सांगते, तेव्हा ही बाब शिष्टाचाराची नसून आज्ञेची आहे. प्राचीन पंडित शम्माई हे स्वभावाने कडक म्हणून ओळखले जात, तरी प्रत्येक माणसाचे प्रसन्न मुद्रेने स्वागत कर, हे वचन त्यांचेच आहे. प्रसन्न मुद्रा ज्याच्या स्वभावात नव्हती त्याने ते सांगावे, यातच मला ही साधना असल्याची खात्री पटते.

एखाद्याला पाहून मनात किळस किंवा तुच्छता आली तर?

तालमूदमधल्या तआनीत या प्रकरणात याची एक कथा आहे, आणि ती धर्मगुरूंनी स्वतःच्याच वर्गाविषयी जपून ठेवली हे विशेष. रब्बी एलाझार गुरुगृही पुष्कळ विद्या मिळवून, गाढवावर बसून, नदीकाठाने घरी निघाले होते आणि विद्येमुळे मनात ताठा होता. वाटेत एक अतिशय कुरूप माणूस भेटला व त्याने अभिवादन केले. रब्बींनी अभिवादन परत केले नाहीच, उलट विचारले, 'तुझ्या गावचे सगळे तुझ्याइतकेच कुरूप आहेत का?' तो म्हणाला, 'मला माहीत नाही. पण ज्या कारागिराने मला घडवले त्याच्याकडे जा आणि त्याला सांग, तू केलेले हे भांडे किती कुरूप आहे.' रब्बींना आपले पाप कळले. ते गाढवावरून उतरले, त्याच्यापुढे लोटांगण घातले आणि क्षमा मागितली. त्याने दिली नाही. कारागिराकडे जाऊन तसे सांगेपर्यंत क्षमा नाही, म्हणाला. रब्बी त्याच्या मागे मागे गावापर्यंत चालत गेले. गावकरी रब्बींच्या स्वागताला आले तेव्हा तो माणूस म्हणाला, हा जर रब्बी असेल तर इस्राएलात असे पुष्कळ न होवोत. शेवटी लोकांच्या विनंतीवरून, पुन्हा असे करू नये या अटीवर, त्याने क्षमा केली. रब्बींनी लगेच प्रवचन केले: माणसाने नेहमी वेतासारखे लवचिक असावे, देवदारासारखे ताठ असू नये.

कथेत प्रतिमेचा शब्द उच्चारलेलाही नाही, तरी प्रतिमेविषयी इतके नेमके मी क्वचित वाचले आहे. भांड्याला नावे ठेवली की ती कुंभाराला पोहोचतात. आणि क्षमा सहज मिळत नाही, हेही कथेने लपवले नाही. ज्याचा अपमान झाला त्याचा वेळ त्याला दिला आहे. किळस मनात येणे हे पाप म्हणून सांगितलेले नाही. ती तोंडावाटे बाहेर पडली तेथून चूक सुरू झाली.

शब्दांना इतके महत्त्व का?

कारण चारचौघांत कोणाला लाजवणे हे रक्त सांडण्यासारखे आहे, असे तालमूद म्हणतो, आणि त्याचे प्रमाणही देतो: लाज वाटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची लाली जाते आणि तो पांढराफटक पडतो. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातली रक्ताची आज्ञा येथे बैठकीतल्या थट्टेपर्यंत आणून पोहोचवली आहे. 'कवोद हाब्रियोत', म्हणजे मनुष्यमात्राची प्रतिष्ठा, ही इतकी मोठी मानली आहे की तिच्यासाठी काही विशिष्ट मर्यादेत धर्मशास्त्रातले नियमही बाजूला ठेवता येतात.

ज्याने खरोखर वाईट केले आहे, त्याच्यातही प्रतिमा पाहायची?

होय, आणि येथेच या साधनेचा कस लागतो. तोराच्या 'अनुवाद' नावाच्या पाचव्या पुस्तकात देहदंड झालेल्या गुन्हेगाराचे प्रेत रात्रभर टांगलेले ठेवू नये, त्याच दिवशी पुरावे, अशी आज्ञा आहे. रब्बी मेईर यांनी त्याचा दृष्टान्त सांगितला: एका नगरात दोन जुळे भाऊ होते, एक राजा झाला, दुसरा लुटारू. राजाने लुटारूला फाशी दिली, आणि येणारेजाणारे पाहून म्हणू लागले, 'राजालाच टांगले आहे.' मग राजाने प्रेत उतरवायला लावले. देवाची आणि गुन्हेगाराची जुळ्या भावांशी तुलना करण्याचे धाडस पाहून आजही थबकायला होते.

ब्रात्स्लाव येथील रब्बी नाहमान (१७७२–१८१०) यांनी याला उपासनेचे रूप दिले. पूर्ण दुष्ट वाटणाऱ्या माणसातही शोधून थोडेसे चांगले काढावे, कारण ज्या थोड्याशा जागी तो चांगला आहे तेथे तो दुष्ट नाही. आणि तुम्ही त्याला त्या जागी पाहिलेत की तो खरोखर तिकडे सरकू लागतो. हेच माणसाने स्वतःच्या बाबतीतही करावे, असे ते म्हणत, आणि त्यांचा स्वतःचा जीव निराशेशी सतत झुंजत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वाक्याची किंमत कळते.

परंतु येथे एक गैरसमज होतो, आणि त्याचा त्रास बहुधा आधीच सोसणाऱ्यांना होतो. प्रतिमा पाहणे म्हणजे छळ सहन करणे नव्हे. ज्यू परंपरेत न्यायालये आहेत, शिक्षा आहे, नुकसानभरपाई आहे, आणि जीव वाचवण्याला जवळजवळ प्रत्येक आज्ञेपेक्षा अग्रक्रम आहे. याकोब आणि एसाव यांची कथा पाहावी. वीस वर्षांनी एसाव चारशे माणसे घेऊन येतो, तो मारील अशी याकोबाला धास्ती आहे, आणि प्रत्यक्षात एसाव त्याला मिठी मारतो. तेव्हा याकोब म्हणतो, 'तुझे मुख पाहणे हे देवाचे मुख पाहण्यासारखे आहे.' त्यानंतर लगेच एसाव सुचवतो की आपण बरोबर जाऊ, आणि याकोब आदराने नकार देऊन वेगळ्या वाटेने जातो. एखाद्याच्या मुखात देवाचे मुख पाहावे आणि तरीही त्याच्या घरी राहायला जाऊ नये, याला शास्त्रात जागा आहे. ज्या बाईला मारहाण होते तिला, 'त्याच्यातही देव आहे,' असे सांगणारा माणूस आधी तिच्यातली प्रतिमा विसरलेला असतो.

आजारी आणि मृत माणसांविषयी वेगळे काय सांगितले आहे?

आजारी माणसाच्या उशाशी शखिना, म्हणजे देवाचे सान्निध्य, असते. म्हणून भेटायला आलेल्याने त्याच्या पलंगावर बसू नये, वस्त्र पांघरून अदबीने समोर बसावे, असे तालमूद सांगतो. रुग्णालयात पलंगाच्या कडेवर सहज टेकताना मला हे आठवते आणि मी उठतो.

मृत्यूनंतरची काळजी 'हेवरा कदीशा' ही स्वयंसेवकांची मंडळी घेते. देहाला स्नान घालताना तो झाकलेला ठेवतात, आवश्यक तेवढाच भाग उघडतात, पालथा कधी करत नाहीत, आणि अनवधानाने काही उणे झाले असल्यास मृताला नावाने हाक मारून क्षमा मागतात. अनेक ठिकाणी त्या वेळी प्रियकराच्या सौंदर्याचे वर्णन करणाऱ्या बायबलमधल्या 'गीतरत्न' या काव्यातल्या ओळी म्हणतात, 'त्याचे मस्तक शुद्ध सोन्याचे आहे', जराजर्जर देहासाठीसुद्धा. पूर्वी श्रीमंताचा चेहरा उघडा ठेवत आणि दुष्काळाने काळवंडलेला गरिबाचा चेहरा झाकत. गरिबांना लाज वाटे, म्हणून सर्वांचेच चेहरे झाकण्याचा नियम केला, असे तालमूदमध्ये आहे. उंची कफनाचा खर्च न झेपून नातेवाईक प्रेत सोडून पळून जाऊ लागले, तेव्हा रब्बान गमलिएल यांनी स्वतःला साध्या तागाच्या वस्त्रात पुरायला सांगितले, आणि तीच रीत पडली.

स्वतःचे काय? आपल्यातही प्रतिमा आहेच ना?

शम्माईंचे समकालीन पंडित हिल्लेल एकदा शिष्यांना म्हणाले, मी एक पुण्यकर्म करायला जातो आहे. कोणते, असे विचारल्यावर उत्तर आले: स्नानगृहात अंघोळीला. शिष्य चकित झाले. हिल्लेल म्हणाले, राजांचे जे पुतळे नाट्यगृहांत आणि क्रीडांगणांत उभे करतात, ते घासूनपुसून स्वच्छ ठेवणाऱ्याला वेतन आणि मान मिळतो. मग मी तर देवाच्या प्रतिमेत घडवलेला आहे. उपास, जागरण आणि देहाची हेळसांड यांनाच अध्यात्म समजणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

महाराष्ट्रातल्या ज्यू समाजात या विचाराचे काही रूप दिसते का?

बेने इस्रायल घरांत शुभप्रसंगी किंवा नवस फेडताना 'मलिदा' करतात: पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे ताटात मांडून एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, यांचे स्मरण केले जाते. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाहूंच्या रथाची खूण मानला जाणारा खडक आहे, आणि लोक तेथे दर्शनाला जातात. एलियाहू मेले नाहीत, ते अजूनही भिकाऱ्याच्या किंवा वाटसरूच्या वेशात फिरतात, अशी ज्यू लोककथांत सर्वत्र श्रद्धा आहे. ज्या घरात एलियाहूंच्या नावाने ताट मांडले जाते त्या घराच्या दाराशी आलेल्या अनोळखी माणसाकडे कसे पाहावे, हे त्या श्रद्धेतच आले. अब्राहामाने तीन अनोळखी वाटसरू दिसताच देवाशी चाललेली भेट थांबवून त्यांच्याकडे धाव घेतली. त्यावरून तालमूदने पाहुण्यांचे स्वागत हे शखिनेच्या स्वागताहून मोठे, असा निष्कर्ष काढला आहे.

मी ज्यू नाही, किंवा देवावर माझा विश्वास नाही. मला हे करता येईल का?

करता येईल, कारण बहुतेक भाग कृतीचा आहे आणि या शिकवणीतला आदाम सर्वांचाच पूर्वज आहे. लिथुएनियात जन्मलेले फ्रेंच तत्त्वज्ञ एमानुएल लेव्हिनास (१९०६–१९९५) यांनी हाच विचार तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडला: समोरच्याचा उघडा, असहाय चेहराच मला 'मारू नकोस' असे सांगतो. नाझी जर्मनीत ते युद्धकैदी होते. रस्त्यावरचे लोक त्यांच्या तुकडीकडे माणसे म्हणून पाहत नसत, पण कोठून तरी आलेला एक कुत्रा रोज संध्याकाळी त्यांना पाहून आनंदाने उड्या मारे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

सुरुवात कोठून करावी?

रब्बान योहानान बेन झक्काई यांच्या सवयीपासून करावी: आठवडाभर, रोज भेटणाऱ्या ज्या एका माणसाकडे आपण सहसा पाहतच नाही, त्याला आपण आधी अभिवादन करावे. जिन्यात, फाटकाशी किंवा दुकानात भेटणारे कोणीही चालेल. थांबावे, नजर द्यावी, नावाने बोलावे, आणि नाव ठाऊक नसेल तर विचारावे. रात्री वहीत त्या माणसाविषयी आधी माहीत नसलेली एक गोष्ट लिहावी. दुसऱ्या आठवड्यात ज्याच्याशी आपले पटत नाही असा एक जण निवडावा, आणि त्याच वहीत त्याच्याविषयी रब्बी नाहमान यांनी सांगितलेले ते थोडेसे चांगले लिहावे. एखाद्या रात्री काहीच सुचले नाही, तर पान तारीख घालून कोरे ठेवावे आणि सकाळी त्याच माणसाला पुन्हा अभिवादन करावे.